दैत्याला दिलेली उचल

मोबाईल, पट किंवा मैदान यांपैकी काहीही न लागणारा एक खेळ गेली दोन वर्षं आमच्या घरात चालू आहे. आता तो आमच्या शाळेतही रुळला आहे. चार-सहा माणसं आणि एक गोष्ट एवढं भांडवल त्याला पुरतं. सुट्टीत मुलांना कशात गुंतवावं, हा प्रश्न आपल्या प्रत्येक घरात असतो. म्हणून या खेळाविषयी वाचक बंधू-भगिनींना सविस्तर सांगावं, असं वाटलं.

खेळ असा आहे. एकाने गोष्ट सांगायची आणि बाकीच्यांनी त्या गोष्टीतली माणसं व्हायचं. कुणी शिकारी होतं, कुणी हकीम, कुणी चोर, कुणी शहजादी. सांगणारा म्हणतो, "तुम्ही डोंगरात आहात. समोर गुहा आहे. आतून घोरण्याचा आवाज येतोय. काय करता?" मग प्रत्येकाने आपण काय करतो ते सांगायचं. कुणी आत डोकावतो, कुणी दगड फेकतो, कुणी झाडावर चढून बसतो. त्यावरून गोष्ट पुढे सरकते. शेवट कुणालाच ठाऊक नसतो, सांगणाऱ्यालाही नाही.

आमचा भाचा पुण्याला इंजिनिअरिंगला आहे. ईदच्या सुट्टीत तो हा खेळ घेऊन आला. अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोघांनी १९७४ साली 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' या नावाने तो प्रसिद्ध केला आणि तिथून तो जगभर पसरला. त्याचे नियम जाडजूड पुस्तकांत छापलेले आहेत. प्रत्येक राक्षसाचं बळ आकड्यांत दिलेलं असतं. वार करायचा तर वीस बाजूंचा फासा टाकायचा. आकडा पुरेसा आला तर वार लागतो आणि राक्षसाचं बळ कमी होतं. बळ शून्यावर आलं की राक्षस मेला.

भाच्याने हे सांगितलं तेव्हा आम्हाला त्यात फारसं काही वाटलं नाही. आकड्यांची वजाबाकी तर आम्ही रोजच वर्गात करतो. पण तो पुढे म्हणाला, "खरी मजा वजाबाकीत नाहीच. कुणी तलवार काढलीच नाही आणि तरी राक्षस हरला, की तोच किस्सा लोक वर्षानुवर्षं सांगत बसतात." त्याने नमुने सांगितले. राक्षस अदृश्य आहे? खांद्यावरची पिठाची पिशवी त्याच्यावर उधळा, पांढरी आकृती दिसू लागेल. नजरेने माणसाचा दगड करणारी बया आहे? तिच्यापुढे आरसा धरा. एका राक्षसाच्या जखमा आपोआप भरून येतात, त्याला तलवारीने कितीही कापा, व्यर्थ. आगीने झालेली जखम मात्र भरत नाही, म्हणून मशाल आणा. दोन राक्षस एकत्र आले तर त्यांच्यात भांडण लावून द्या. काहीच सुचलं नाही तर त्यांच्याशी बोला. बोलायचा प्रयत्न फार थोडे लोक करतात, असं भाच्याचं म्हणणं.

हे ऐकताना आमच्यातला उर्दूचा शिक्षक जागा झाला. हा माल तर आपल्या घरचा! 

दास्तान-ए-अमीर हमजा आठवा. बादशहा अकबराने या दास्तानीची चौदाशे चित्रं काढून घेतली होती. मिर्झा ग़ालिब तिचे शौकीन होते. लखनौच्या नवलकिशोर प्रेसने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून ती छापायला घेतली, तेव्हा एकूण ४६ जाडजूड खंड झाले. त्यांतला सर्वांत गाजलेला भाग म्हणजे 'तिलिस्म-ए-होशरुबा'. अमीर हमजा त्यात शूर आहेत, पण लोकांचा लाडका आहे तो अमर अय्यार. शरीराने किरकोळ, पळण्यात चपळ, पैशाला हावरा आणि वेषांतरात पटाईत. त्याच्याकडे 'जंबील' नावाची झोळी आहे, तिच्यात अख्खं जग मावतं. समोर जादूगारांचा बादशहा अफरासियाब आणि त्याच्या फौजा. अय्यार त्यांच्याशी समोरासमोर लढत नाहीत. कुणी दासी बनून शत्रूच्या तंबूत शिरतो, कुणी गवई बनून मैफल रंगवतो, कुणी शरबतात बेशुद्धीची दवा मिसळतो. ही गोष्ट आम्ही वर्गात नेहमी सांगतो: या दास्तानीत जादू हे शत्रूचं हत्यार आहे, अय्यारांचं हत्यार आहे अक्कल. आणखी एक. तिलिस्म, म्हणजे जादूने उभारलेली नगरी, नुसत्या ताकदीने तुटत नाही. तिची 'लौह', म्हणजे पाटी, शोधावी लागते. तिच्यात ते कसं तोडायचं हे लिहिलेलं असतं. आधी वाचन, मग विजय. शिक्षकाला याहून आवडता नियम कोणता असणार?

'गुलबकावली'ची दास्तान तर याहून गोड. निहालचंद लाहोरींनी ती उर्दू गद्यात लिहिली आणि पंडित दयाशंकर नसीम यांनी तिची मसनवी केली. ताजुलमुलूक शहजादा बापाच्या डोळ्यांसाठी बकावलीचं फूल आणायला निघतो आणि वाटेत एका अजस्र दैत्याच्या तावडीत सापडतो. दैत्य त्याला खाणार, एवढ्यात तूप, साखर, मैदा लादलेले उंट हाती लागतात. शहजादा त्याचा हलवा करून दैत्याला खाऊ घालतो. आयुष्यात पहिल्यांदा गोड खाल्लेला तो दैत्य इतका खूश होतो की शहजाद्याचा सेवकच बनतो. एक थेंब रक्त न सांडता काम फत्ते!

अरबी कथांमधला कोळीही तसाच. बाटलीतून सुटलेला जिन्न त्याला मारायला उठतो. कोळी म्हणतो, एवढा मोठा तू या एवढ्याशा बाटलीत मावत होतास, हे मी मानणारच नाही. जिन्न दाखवायला म्हणून आत जातो आणि कोळी झाकण लावतो. आणि या सगळ्या कथा जिच्या तोंडून येतात ती शहरजाद? रोज एका बायकोचा जीव घेणाऱ्या बादशहाला तिने फक्त अर्धवट ठेवलेल्या गोष्टीने जिंकलं. मराठीत या कथा कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी एकोणिसाव्या शतकातच आणल्या, त्यामुळे त्या मराठी घरांतही मुरलेल्या आहेत. उलट पंचतंत्रातला सिंहाला विहिरीत प्रतिबिंब दाखवणारा ससा आठव्या शतकात इब्न-उल-मुकफ्फा यांच्या 'कलीला व दिम्ना'मधून अरबीत पोचला. भोपळ्यात बसून वाघाला चकवणारी म्हातारी तर आमच्या पहिलीच्या मुलांनाही पाठ असते. युक्तीला मजहब नसतो आणि सरहद्दही नसते.

दोन भाषा शिकवताना एक गंमत मात्र जपावी लागते. उर्दूत अशा अजस्र प्राण्याला 'देव' म्हणतात, फारसीतून आलेला शब्द. मराठीत देव म्हणजे देव! शब्दाचं मूळ एकच. इराणात त्याचा अर्थ उलटा फिरला. म्हणून मराठीतून खेळताना आम्ही कटाक्षाने 'दैत्य' म्हणतो. कुणाच्या भावनेला धक्का नको आणि गोष्टही थांबायला नको.

आता फाशांचा प्रश्न. भाच्याने आणलेले रंगीबेरंगी फासे पाहून अम्मींच्या कपाळाला आठी पडली. "घर में पासे नक्को," एवढंच त्या म्हणाल्या. आपल्या बहुतेक घरांतून फाशांविषयी हीच भावना आहे आणि तिच्यामागे धर्माची शिकवण आहे. पैसे लावून खेळत नाही, असं भाच्याने समजावून पाहिलं. अम्मींचं उत्तर तयार होतं, "आज नहीं लगाते, कल की कौन जाने." पिढ्यांमधली ही ओढाताण फक्त आपल्याकडेच असते असं नाही. अमेरिकेतही १९८०च्या दशकात अनेक आईबापांनी आणि पाद्र्यांनी या खेळावर शैतानी म्हणून गहजब केला होता.

वाद घालण्यापेक्षा आम्ही फासे डब्यात बंद करून भाच्याच्या बॅगेत ठेवले आणि फाशांविना खेळायचं ठरवलं. फासा नाही तर निकाल कसा लावायचा? खूप घोळ घालून तीन नियम झाले. पहिला, युक्ती आपल्या झोळीत असलेल्या किंवा आसपास दिसणाऱ्या वस्तूंतूनच निघाली पाहिजे. आयत्या वेळी तोफ आली असं चालणार नाही. दुसरा, दैत्याबद्दल आधी काहीतरी माहिती काढली पाहिजे, त्याला काय आवडतं, कशाची भीती वाटते, त्याला काय हवं आहे. तिसरा, प्रत्येक युक्तीची काही तरी किंमत मोजावी लागेल. ती किंमत बाकीचे खेळाडू ठरवतील. युक्ती सगळ्यांना पटली तर दैत्य हरला, नाही पटली तर पळा.

याचा परिणाम आमच्याही अपेक्षेबाहेरचा होता. फासा असताना मुलं आकड्याकडे पाहत होती. फासा गेल्यावर ती एकमेकांच्या तोंडाकडे पाहू लागली. पटवून द्यायचं म्हणजे बोलावं लागतं, कारण द्यावं लागतं, दुसऱ्याचा आक्षेप ऐकून घ्यावा लागतो. तिसऱ्या दिवशी अम्मी स्वतः तसबीह हातात घेऊन दारापाशी येऊन बसल्या. चौथ्या दिवशी त्यांनी दैत्याला अफूऐवजी जायफळ घातलेलं दूध पाजायचा सल्ला दिला.

सुट्टी संपली, भाचा गेला, आणि खेळ आमच्याबरोबर शाळेत आला. शनिवारी शेवटचा तास वाचनाचा असतो, तो आम्ही या खेळाला दिला. परदेशी पुस्तकात किल्ल्याखालची तळघरं असतात. आमच्या मुलांना तळघर कुठून ठाऊक असणार? पण बीडच्या मुलांना खजाना विहीर ठाऊक आहे. शहराच्या दक्षिणेला काही किलोमीटरवर, सोळाव्या शतकात, अहमदनगरच्या मुर्तजा निजामशहाच्या काळात, सलाबतखानाने बांधवलेली ही विहीर. जमिनीखालच्या कालव्यांतून तिचं पाणी खेळवलेलं आहे आणि दुष्काळातही ती आटत नाही असा तिचा लौकिक. त्या कालव्यांचा काळोख म्हणजेच आमचा तिलिस्म. गोष्ट अशी रचली: कालव्यात एक दैत्य येऊन बसला आहे. तो सगळं पाणी पितो. गावात टँकर सुरू झाले आहेत. काय करता?

टँकर म्हटल्यावर मुलं सावरून बसली. मराठवाड्यात हा शब्द समजावून सांगावा लागत नाही.

पहिल्या शनिवारी सगळ्यांनी तलवारी काढल्या आणि सगळे मेले. दुसऱ्या शनिवारपासून डोकी चालू लागली. एकाने पाण्यात मिरचीपूड कालवायची युक्ती काढली. मग तेच पाणी गाव कसं पिणार, म्हणून ती बाद झाली. एका मुलीने दैत्याच्या कानात डास सोडले. एकाने बाहेरून हाक मारली, "घरी चल, आई बोलावतेय," आणि दैत्य सवयीने उठून उभा राहिला, कारण आई सगळ्यांना असते. सगळ्यात हशा पिकला तो एका शांत मुलीच्या युक्तीवर. ती दैत्याला म्हणाली, "इथे राहायचं असेल तर रहिवासी दाखला लागेल." दैत्य दाखला आणायला गेला. तिथे त्याला रेशनकार्डाची प्रत मागितली. रेशनकार्डासाठी रहिवासी दाखला मागितला. दैत्य अजून फेऱ्या मारतो आहे! किंमत म्हणून बाकीच्यांनी तिला सांगितलं, की त्याच्याबरोबर रांगेत तूही उभी राहायचं. तिने ते हसत मान्य केलं.

मग सातवीतला एक मुलगा बोलला. त्याचे आईवडील ऊसतोडीला जातात. हा मुलगा तोपर्यंत खेळात मागेच बसून असायचा.

"सर, त्याला उचल द्यायची."

ज्यांना आमच्या जिल्ह्याची रीत ठाऊक नाही त्यांच्यासाठी दोन शब्द. दसरा-दिवाळीच्या सुमाराला बीड जिल्ह्यातून ऊसतोड कामगारांच्या टोळ्या पश्चिम महाराष्ट्राच्या आणि कर्नाटकाच्या साखर कारखान्यांकडे निघतात आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी परततात. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. टोळी जमवणारा मुकादम हंगामाआधी कोयत्याला रोख रक्कम देतो, ती उचल. तोडलेल्या उसाच्या मजुरीतून ती फेडायची. एक दिवस काम चुकलं तर दंड पडतो, त्याला खाडा म्हणतात. हंगाम संपला आणि उचल फिटली नाही, तर बाकी पुढच्या वर्षाच्या नावावर चढते. लेकरं आईवडिलांच्या मागे फडावर गेली की त्यांचं वर्षाचं शिक्षण बुडतं. ती गावात राहावीत म्हणून शाळांमधून हंगामी वसतिगृहं चालतात. पण घरात कुणी म्हातारं माणूस आजारी असेल, धाकटं भावंड सांभाळायचं असेल, तर सगळ्यात आधी शाळा सुटते.

त्या मुलाने युक्ती नीट उलगडून सांगितली. दैत्य पाणी का पितो? त्याच्याजवळ काही नाही म्हणून. त्याला हजार मोहरा एकदम दाखवायच्या. एवढी रक्कम एकदम पाहिली की कुणीही हात पुढे करतो. अंगठा घ्यायचा. मग तो आपला. त्याच्याकडून विहिरीतला गाळ काढून घ्यायचा. मारायची गरजच नाही.

"मुकादम कोण?" कुणीतरी विचारलं.

"मी," तो म्हणाला.

वर्ग गप्प झाला. युक्तीत खोट काढायला जागा नव्हती. झोळीतल्या वस्तूच वापरल्या होत्या, दैत्याची गरज ओळखली होती. राहिली किंमत. एका मुलीने विचारलं, "पण उचल फिटल कधी त्याची?"

"फिटत नसती," तो म्हणाला. आकाश निळं असतं, इतक्या साध्या आवाजात.

आम्ही खडू त्याच्या हातात दिला आणि म्हटलं, मांड हिशेब. त्याने फळ्यावर मांडला. उचल १,००० मोहरा. रोजची मजुरी १०. पोटाला रोज ४ कापायचे. म्हणजे रोज ६ फिटणार. खाडा २०. वर्गातल्या एका हुशार मुलीने पटकन भागाकार केला: हजाराला सहाने भागलं की १६६ आणि उरले ४, म्हणजे १६७ दिवस. "फिटतंय की!" ती म्हणाली.

"आजारी पडल्यावर?" मुलगा म्हणाला.

मग सगळ्यांनी मिळून मांडलं. ज्या दिवशी दैत्याला ताप येईल त्या दिवशी मजुरी नाही. पोटाचे ४ मात्र कापलेच जाणार, वर खाड्याचे २०. म्हणजे एका दिवसात देणं २४ ने वाढलं. चार दिवस राबून त्याने जे ६-६ करून फेडलं होतं, तेही नेमके २४. चार दिवस काम, पाचव्या दिवशी ताप, आणि हिशेब होता तिथेच. पुन्हा चार दिवस, पुन्हा ताप, पुन्हा तिथेच. आयुष्यभर. मुलगा खडू हातात धरून फळ्याकडे पाहत राहिला. उचल फिटत नाही हे त्याला जन्मापासून ठाऊक होतं. ती का फिटत नाही, हे त्या दिवशी त्याच्याच अक्षरात फळ्यावर आलं.

नंतर जो वाद झाला तसा वाद आम्ही शिक्षकांच्या बैठकीतही ऐकलेला नाही. काहींचं म्हणणं, दैत्यच आहे तो, राबू दे. काही म्हणाले, गाळ काढून झाल्यावरही तो बांधलेलाच राहिला तर मग दैत्य तो की आपण? एकीने विचारलं, त्याची लेकरं असतील तर ती कुठे राहतील? शेवटी हात वर करून मतं घेतली. उचल राहू द्यायची, पण खाडा नाही. आजारी दिवशी पोटाचे पैसे कापायचे नाहीत. कामाचे १६७ दिवस भरले की अंगठ्याचा कागद त्याच्यासमोर फाडायचा. आणि दैत्याची लेकरं गावातल्या शाळेत घालायची, त्यांची भाकरी सगळ्यांनी पाळीपाळीने आणायची. ही युक्तीची किंमत ठरली. मुकादम झालेल्या मुलाने ती मान्य केली. एका जुन्या वहीत त्याने दैत्याचा हिशेब लिहायला घेतला आणि दर शनिवारी तो तारखेसह वाचून दाखवू लागला.

आमच्या मनात मात्र दुसराच हिशेब चालू होता. त्याची दादी त्या वर्षी आजारी होती, आणि दिवाळीनंतर त्याला फडावर न्यायचं घरी ठरत आलं होतं. टोळी निघायच्या चार दिवस आधी त्याचे वडील दाखला विचारायला शाळेत आले. अशा वेळी शिक्षणाचं महत्त्व सांगणारी आमची वाक्यं ठरलेली असतात आणि ती ऐकून मान डोलावणंही ठरलेलं असतं. आम्ही तसं काही बोललो नाही. ती वही त्यांच्यासमोर ठेवली आणि मुलाला म्हटलं, अब्बांना सांग हा खेळ काय आहे.

त्याने सांगितला. वडील उभ्याउभ्याच ऐकत होते, मग बाकावर टेकले. फळ्यावरचा हिशेब मुलाने वहीत उतरवून घेतला होता, त्यावरून त्यांनी बोट फिरवलं. त्यांना वाचता येत नव्हतं, पण आकडे कळत होते.

"किती दिवसांत फिटली म्हनला?"

"एकशे सदुसष्ट."

"आमची मागल्या सालची अजून हाय," ते म्हणाले. थोड्या वेळाने त्यांनी विचारलं, "वसतिगृहात रातच्याला जेवायला देतेत का?"

मुलाच्या दादीला त्याच्या फुफीने आपल्याकडे नेलं. टोळीचा ट्रक निघाला त्या सकाळी मुलगा वर्गात होता. डोळे सुजलेले होते, हजेरीला आवाज मात्र स्पष्ट आला. ते वर्ष त्याने पूर्ण केलं. पुढच्या हंगामाचं पुढच्या हंगामात ठरेल. शाळेतल्या एका खेळाने कुणाची उचल फिटत नाही, हे आम्हाला कळतं. त्यासाठी मोठ्या माणसांनी मोठ्या जागी बसून हिशेब मांडायला हवेत. पण मुकादमाच्या वहीतले आकडे स्वतः तपासू शकणारा एक मुलगा त्या घरात तयार होतो आहे. त्याच्या वडिलांनी जाताना त्याला बजावलं होतं, "फोन केला की आमचा हिशेब लिहून घेत जा." तो दर आठवड्याला लिहून घ्यायचा. दैत्याच्या वहीच्या मागच्या पानांवर.

आमच्या अनुभवात मुलांच्या युक्त्यांमध्ये त्यांचं घर दिसतं. दाखल्याची युक्ती काढणाऱ्या मुलीचे वडील महिनाभर कुठल्याशा कागदासाठी खेटे घालत होते. आई बोलावतेय म्हणणारा मुलगा आईवेगळा आहे. प्रश्नपत्रिकेतून जे कधी कळलं नसतं ते दैत्याच्या निमित्ताने कळलं. पालकांना हीच विनंती आहे, की मुलं काय सुचवतात ते नीट ऐका. ती भीतीबद्दल सरळ बोलत नाहीत, पण तिला कसं हरवायचं हे विचारलं तर भरभरून बोलतात.

ज्यांना घरी खेळून पाहायचं असेल त्यांच्यासाठी थोडक्यात कृती देतो. मग़रिबनंतर किंवा रात्रीच्या जेवणानंतर अर्धा-पाऊण तास पुरेसा आहे. जागा ओळखीची घ्या, तुमच्या गावची वेस, बारव, जुनी गढी, नदीचा पूल. दैत्य एकच असू द्या आणि त्याला एक भूक द्या, म्हणजे त्याला काय हवं आहे ते मनाशी पक्कं करा. प्रत्येकाला झोळीत पाचच वस्तू द्या, त्याही घरातल्या: दोरी, कंदील, मिठाची पुडी, सुई, शिळी भाकरी. वस्तू जितक्या साध्या, डोकं तितकं चालतं. वर सांगितलेले तीन नियम लावा आणि तिसरा, किंमतीचा, कधीही सोडू नका. तो सोडला की खेळ नुसत्या फुशारकीचा होतो. लहान मुलांना मोठ्यांच्या आधी बोलू द्या. दादी-नानींना आग्रहाने बसवा. त्यांच्या पोतडीत ज्या युक्त्या आहेत त्या कोणत्याही छापील पुस्तकात नाहीत. आणि एखाद्या रात्री कुणालाच काही सुचलं नाही तर घाई करू नका. दैत्याला कालव्यात झोपू द्या आणि म्हणा, बाकी उद्या. शहरजादने हेच केलं होतं.

आमच्या वर्गात सध्या नवा दैत्य आला आहे. तो बोलतच नाही, नुसता रडतो. दोन शनिवार झाले, अजून कुणाला उपाय सापडलेला नाही. वाचकांपैकी कुणाच्या मुलाबाळांना काही सुचलं तर त्यांनी अवश्य कळवावं.